क्रेटवरचं रॉकेट

पिंपळगाव बसवंत,
१० डिसेंबर

चि. माई,


तुझं ड्रॉइंग आणि तयार स्टँडची किंमत, दोन्ही पाहिलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तुझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर आठवी-नववीच्या पोरांपुढे रॉकेट उडवायचं हा बेत मला पसंत आहे. स्टँड मात्र विकत घेऊ नकोस. ते ज्या रॉकेटसाठी बनलंय ते तू इथे उडवणार नाहीस, आणि जे उडवशील त्याला ते चालणार नाही. हॉस्टेलवर बसून पैसे पाठवण्याआधी हे पत्र नीट वाच.

तू पाठवलेलं ड्रॉइंग अमेरिकी पद्धतीचं आहे: तीन पाय, मधोमध तीन मिलिमीटरची, तीन फूट लांब सळई, आणि खाली जाळ अडवायला पत्र्याची थाळी. हे सगळं का आलं ते समजून घे, म्हणजे त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळेल. १९५०च्या दशकात तिकडची पोरं घरी दारू कुटून, लोखंडी नळ्यांत भरून रॉकेटं करायची आणि बोटं, डोळे, कधी जीवही गमवायची. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल हा चपला-बुटांचा दुकानदार. त्याला दारूकामाचा नाद. त्याने कागदी नळीचं हलकं रॉकेट आणि त्यात बसणारी, बदलता येणारी तयार इंधननळी केली, आणि १९५७च्या सुरुवातीला हॅरी स्टाइन यांना ती कळवली. स्टाइन व्हाइट सँड्सच्या सरकारी क्षेपणास्त्र तळावर सुरक्षेचं काम बघत. त्या दोघांच्या ओळखीतून हा छंद आणि त्याची नियमावली उभी राहिली. सळई उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. पेटवायचं ते विजेच्या तारेने, लहान रॉकेटालाही निदान १५ फुटांवरून. बटण दाबून रॉकेट गेलं नाही तर मिनिटभर कुणी जवळ जायचं नाही. वाकताना डोळ्यात घुसू नये म्हणून सळईच्या टोकाला टोपण लावायचं. हे सगळे नियम स्टँडभोवतीचे आहेत, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. रॉकेट कसंही रंगवा, शेपटाला पंख तीन लावा की चार, त्यावर कुणाचं फारसं म्हणणं नाही.

सळई कशाला? रॉकेटाचे पंख वारा लागल्याशिवाय काम करत नाहीत, आणि सुटताना रॉकेट हळू असतं. पुरेसा वेग येईपर्यंत कुणीतरी बोट धरून सरळ चालवावं लागतं. ते काम सळईचं. हे तत्त्व आपण घेणार आहोत. सळई आणि थाळी सोडून देणार आहोत, कारण जाळच नसणार.

जाळ का नाही, हे स्पष्ट लिहितो. त्या तयार इंधननळ्या आपल्याकडे किराणा दुकानात मिळत नाहीत, आणि घरी असलं काही करणं म्हणजे १८८४चा स्फोटक कायदा अंगावर घेणं. या कायद्याचं काम पाहणारी केंद्राची संस्था आपल्याच नागपूरला आहे. तुझ्या बरोबरीची हुशार पोरं फोनवर बघून काय काय शिकतात ते मला माहीत आहे. त्यांतल्या कुणाचं लक्ष आपल्या शेडमधल्या तेरा-शून्य-पंचेचाळीसच्या गोणीकडे गेलं तर तिथल्या तिथे हाकलून दे. ते द्राक्षाला सोडायचं खत आहे, बाकी कशाला नाही. वसंत गोवारीकरांनी थुंब्याला घन इंधनावर वर्षानुवर्षं काम केलं, पुढे ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. इंधन हा त्या तोलाच्या माणसांचा, तशा प्रयोगशाळांचा विषय. नववीच्या वर्गाला पाणी आणि हवा पुष्कळ झाली. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी दाबलेली हवा. हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. न्यूटनचा तिसरा नियम पोरांना एका फवाऱ्यात कळतो, आणि भिजायला मिळतं ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. स्टँडचं काम रॉकेट उडवणं आहे असं तू धरून चालली आहेस. ड्रॉइंगवरून दिसतं, सगळं लक्ष वरच्या टोकाकडे आहे. माझ्या मते त्याचं पहिलं काम धरून ठेवणं आहे. आपण म्हणेपर्यंत सोडायचं नाही, म्हटल्याबरोबर सोडायचं, आणि नाहीच सुटलं तर जवळ न जाता दाब उतरवता आला पाहिजे. एवढं जमलं की बाकी सजावट. बचत सजावटीत कर.

धरायचं म्हणजे किती, याचा हिशोब कर. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २२ मिलिमीटरच्या जरा आत, म्हणजे क्षेत्रफळ पावणेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आपण हवा भरणार चार किलोपर्यंत (आमच्या पाईपच्या धंद्यात चौरस सेंटिमीटरमागे किलो असंच म्हणतात, तुझ्या पुस्तकातले पास्कल तू काढ). गुणाकार केलास की पंधरा किलो येतात. भरलेलं टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं. त्याच्या पाऊण वजनाइतक्या जोराने बाटली वर जायला बघत असते आणि तिला त्या तोंडाच्या कडेपाशी धरून ठेवायचं असतं. रबरी बूच आणि तारेचा आकडा एवढं धरेल, पण दर वेळी वेगळ्या दाबाला सुटेल. मोजणी चालू असताना सुटलेलं रॉकेट सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा पंप मारणारा पोरगा वाकलेला असतो.

म्हणून असं कर. अर्धा इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या थोडा वर असतो, तो बाटलीच्या तोंडात जेमतेम सरकतो. पाईप-पाईपमध्ये फरक असतो, तेव्हा बाटली माझ्या दुकानात घेऊन ये, आपण लावून बघू. फूटभर तुकडा उभा, वरचं टोक बाटलीत पाण्याच्या पातळीच्या वर येईल असा. हीच तुझी सळई. बाटली याच्यावरून सरकत सुटते, म्हणून सुरुवातीला सरळ जाते. बाटलीचं तोंड जिथे बसेल तिथे लेथवर एक खाच मारून ओ-रिंग बसवायची. पांढरा पीव्हीसी स्वस्त पडतो, कापायला सोपा, आणि जगभर पोरं तोच वापरतात. मी विकतो तरी तुला देणार नाही. पीव्हीसी पाण्याच्या दाबासाठी असतो; दाबलेल्या हवेने फुटला तर त्याच्या चिपा उडतात, आणि उन्हात राहिलेला पाईप किती ठिसूळ होतो हे बागेत पाय पडून मोडलेल्या पाईपवर तू पाहिलं आहेसच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

कुलूप केबल टायचं. आठ-दहा केबल टाय पाईपभोवती उभे लावायचे, डोकी वर, आणि खालून होज क्लिपने आवळायचे. बाटलीच्या तोंडाला जी कडा असते तिच्यावर ही डोकी अडकतात. त्यांच्याभोवती रुंद पाईपचं कडं वर सरकवलं की डोकी आत दाबली जातात, बाटली पकडली जाते. कडं खाली ओढलं की डोकी फाकतात, बाटली मोकळी. सव्वा इंची की दीड इंची कडं लागेल ते टायच्या जाडीवर ठरेल, दोन्ही लावून बघू. ही युक्ती माझी नाही, पाण्याची रॉकेटं उडवणारे देशोदेशी हीच वापरतात. यात मोडण्यासारखं काही नाही, आणि मोडलं तरी मूठभर केबल टाय कुठेही मिळतात.

बूड कशाचं करायचं यावर तू फार विचार केलेला दिसतो: घडीचे पाय, बिजागऱ्या, स्क्रू. माई, तू पिंपळगावात रॉकेट उडवणार आहेस. इथे मार्केट यार्डापासून प्रत्येकाच्या पडवीपर्यंत प्लॅस्टिकच्या क्रेटची थप्पी असते. एक जुनं क्रेट उलटं ठेव. पालथं घातलं की रुंद बाजू खाली येते, आपोआप पक्की बैठक. बुडाच्या जाळीवर आतून-बाहेरून प्लायचा एकेक तुकडा, मधून पाईप, दोन्हीकडून चेकनट. पाणी जाळीतून निघून जातं, चिखल साचत नाही. खेळ संपला की पाईप चुडीतून खोलायचा, क्रेट सुलटं करायचं, त्यातच पंप, नळी, बाटल्या, दोरी भरायची आणि मोटरसायकलीच्या मागे बांधून घरी. सहज नेता येणारं स्टँड याहून स्वस्त मला सुचत नाही. वजनाला दोन पेव्हर ब्लॉक क्रेटवर, पाईपच्या दोन बाजूंना. फेब्रुवारीत काळी माती इतकी कडक होते की खुंट्या ठोकायच्या फंदात पडू नये.

इथे एक बारकावा. तुला वाटत असेल की वजन रॉकेटच्या धक्क्यासाठी लागतं. तो धक्का खालच्या दिशेने असतो, त्याने स्टँड उलट जमिनीत दाबलं जातं. स्टँड आडवं पाडतं ते दोरी ओढणारं पोरगं. दहा मीटरवरून जोरात हिसका देतं, स्टँड त्याच्याच बाजूला कलतं, आणि नेमकं त्याच क्षणी बाटली सुटते. म्हणून कड्याची दोरी थेट बाजूला नेऊ नकोस. आधी सरळ खाली क्रेटवरच्या एका कडीतून काढ, मग आडवी ने. मग हिसका कसाही असो, कडं खालीच ओढलं जाईल.

हवेची नळी दहा मीटरची घे. पंप, गेज आणि दाब सोडायचा कॉक हे तिन्ही पंपाकडच्या टोकाला, क्रेटपाशी काहीच नाही. आकडा वाचायला कुणी बाटलीवर वाकलेलं मला चालणार नाही. ठिबकची सोळा एमएमची लॅटरल हाताशी असते म्हणून ती जोडायचा मोह होईल. ती एक-दोन किलोच्या पाण्यासाठी आहे, चार किलोच्या हवेसाठी नव्हे. एचटीपी पंपाची फवारणीची नळी घे, तिच्या दृष्टीने चार किलो म्हणजे काहीच नाही. नवी घे. बागेत वापरलेली, औषधाचा वास येणारी नळी मुलांच्या हातात द्यायची नाही, कितीही धुतलेली असली तरी. बाटल्यांचंही तेच. गेज मात्र एचटीपीचा नको, त्याच्यावर चार किलोला काटा नीट हलतसुद्धा नाही. ठिबकच्या फिल्टरवर बसवतात तो, सात किलोपर्यंतचा गेज, आपल्याला बरोबर. पंपाच्या टोकाला एंडकॅपला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून घ्यायचा, कुठलाही पंक्चरवाला देईल. पंप सायकलचा, घरचाच. पंप सोडून सगळं हजार रुपयांच्या आत बसायला हरकत नाही, मामा म्हणून मी जे सोडतो ते न धरताही.

बाटल्या फक्त कोल्ड्रिंकच्या, दोन किंवा सव्वादोन लिटरच्या. त्या गॅसचा दाब सोसायलाच बनवलेल्या असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या नकोत. आणि प्रत्येक बाटलीची आधी परीक्षा घे: गळ्यापर्यंत पाण्याने भर, हवा जवळजवळ ठेवूच नकोस, स्टँडला लाव आणि पाच किलोपर्यंत दाब दे. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली गेलीच तर नुसती फाटते, स्फोट होत नाही. त्यात टिकलेलीच चार किलोला वापरायची. ओरखडा पडलेली, आपटून चेमटलेली बाटली बाद. पंखांना सनपॅकची शीट, नाकावर स्पंजचा बॉल. पंखांवर जास्त वेळ घालवू नकोस. पोरांना त्यातच मजा वाटते, त्यांच्यावर सोड.

मोठमोठ्यांचीही अडचण रॉकेटापेक्षा स्टँडपाशी आधी झालेली आहे. २१ नोव्हेंबर १९६३ला थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट गेलं, अमेरिकेकडून आलेलं नाइकी-अपाची. सायकलवरून रॉकेटचा शंकू नेतानाचा थुंब्याचा फोटो सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी काय झालं ते मात्र ‘अग्निपंख’मध्ये कलामांनी लिहिलंय: रॉकेट उचलून लाँचरवर ठेवताना क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली, रॉकेट कलायला लागलं, आणि शेवटी माणसांनी हातांनी उचलून ते जागेवर बसवलं. एका ओ-रिंगएवढ्या जागेतून तेल गळलं तरी असं होतं, तेव्हा आपण ओ-रिंग दोन जास्तीच्या ठेवू. आणि १६ मार्च १९२६ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला रॉबर्ट गॉडर्डने द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तेही पाइपांच्या साध्या चौकटीवरून, एका नातलग बाईच्या शेतात. अडीच सेकंद, ४१ फूट उंची, आणि १८४ फुटांवर कोबीच्या शेतात पडलं. आपल्या पोरांना हे नक्की सांग. त्यांच्या बापांनाही सांग. कोबीचं नुकसान कुणी भरून दिलं असा पहिला प्रश्न येईल.

तोच प्रश्न आपल्यालाही आहे. फेब्रुवारीच्या शेवटी बागा काढणीला आलेल्या असतात. चार किलोला बाटली तीस-चाळीस मीटर सहज वर जाते आणि वाऱ्याबरोबर बाजूला येते. भरल्या घडांवर पडलेली एक बाटली आणि बागेत घुसलेली दहा पोरं, यात पोरांनी जास्त नुकसान होतं. म्हणून शाळेच्या मैदानाबाहेर जायचं नाही, आणि मैदानात हायवेकडची बाजू सोडून उभं राहायचं. त्या रस्त्यावर ट्रक कधी थांबत नाहीत. विजेच्या तारा डोक्यावर नकोत. अडकलेली बाटली काढायला कुणी काठी घेऊन चढणार नाही, हे आधीच बजाव. पाईप ओळंब्याने उभा कर, मग माणसं नाहीत त्या बाजूला किंचित कलव. वाऱ्याच्या तोंडाकडे कलवलेलं बरं, नाहीतर रॉकेट लांब वाहत जातं. झाडाची पानं सळसळण्यापलीकडे वारा असेल तर थांब. सकाळी लवकर कर.

आणि ओझर विसरू नकोस. एचएएलच्या कारखान्यात मिग बनायला लागले तेव्हापासून आपल्याला आकाशातल्या आवाजाची सवय आहे, म्हणून आपण वर बघत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ला तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. धावपट्टी आपल्यापासून लांब नाही. चाळीस मीटरच्या बाटलीने विमानाला काही होत नाही, पण नाद वाढत जातो: आज एक बाटली, उद्या तीन जोडून एक, परवा आठ किलो दाब. ते आपल्या गावात करायचं नाही. चार किलोची खूण गेजच्या काचेवर लाल रंगाने कर आणि पंप मारणाऱ्याला सांग की ती ओलांडली की खेळ बंद. शाळेकडून पोलीस स्टेशनला एक साधं पत्र द्यायला लाव. कुणी नाही म्हणणार नाही, पण कळवलेलं बरं.

उडवताना क्रम असा ठेव. क्रेट आडवं करून बाटली चढवायची, कडं लावायचं, उभं करायचं, ब्लॉक ठेवायचे. तोवर हवा नाही. मग सगळे मागे. दोरी ओढणारा एक, पंपाचा एक, दोघांनाही फवारणीचा चष्मा. बाकीची मुलं वीस मीटरवर, आडव्या बांधलेल्या दोरीच्या मागे, आणि तिथे एक शिक्षक, ज्यांचं लक्ष रॉकेटकडे नसून मुलांकडे असेल. उलटी मोजणी मुलांनी मोठ्याने करायची. ही नुसती हौस नाही. दोरी ओढण्याआधी सगळ्यांना कळावं हा उद्देश. दोरी ओढून बाटली सुटली नाही तर दुसरा हिसका एकदाच द्यायचा. तरी नाही सुटली तर कॉक उघडून गेज शून्यावर येईपर्यंत थांबायचं, मगच जायचं. ‘बघू काय अडकलंय’ म्हणत पुढे निघालेल्या पोराला तू तिथेच अडव. ओरडलीस तरी चालेल. त्यासाठीच तुला बोलावलंय असं समज.

पहिल्या दिवशी मुलांसमोर उडवू नकोस. दोन दिवस आधी ये. मी लेथवाल्याशी बोलून ठेवतो, एका संध्याकाळी पाईप, खाच, चेकनट होऊन जाईल. दुसऱ्या सकाळी आपल्या पडीक तुकड्यात दाबून बघू. पंपाला आणि दोरीला दोन मुली निवड, हे माझं आगाऊ म्हणणं आहे. दर वर्षी विज्ञान दिनाला दोऱ्या मुलांच्या हातात असतात आणि मुली रांगोळी काढतात, ते या वेळी नको.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी जानेवारीतच घे आणि तारीख पक्की झाली की मला कळव, म्हणजे गेज आणि नळी बाजूला काढून ठेवतो. रिकाम्या बाटल्या पुण्याहून ओढून आणू नकोस, इथे लग्नसराईत ढिगाने मिळतात. तू फक्त वेळेवर ये.

तुझा,
मामा